क्षेत्रटिपणे (प्रत्यक्ष जागी पाहिल्या-ऐकल्याच्या नोंदी) लिहायला विद्यार्थ्यांना कसे शिकवावे?

प्रश्न
एम.ए. समाजशास्त्राच्या वर्गाला मी एथ्नोग्राफी, म्हणजे लोकांमध्ये राहून त्यांच्या जगण्याचा अभ्यास करण्याची पद्धत, शिकवते. सहभागी निरीक्षणाची (लोकांच्या व्यवहारात सामील होऊन पाहण्याची) व्याख्या विद्यार्थी परीक्षेत चोख लिहितात. परंतु आठवडी बाजारात पाठवले की ‘भाजीवाल्या बायका गरीब पण समाधानी दिसल्या’ अशी वाक्ये घेऊन परततात, आणि काही जण तर सवयीने प्रश्नावलीच भरून आणतात. एका सत्रात पाहणे आणि टिपणे कसे शिकवता येईल?

प्रतिसाद १
‘समाधानी दिसल्या’ हे वाक्य न खोडता, ‘नेमके काय पाहिलेस?’ एवढेच विचारावे. माझे विद्यार्थी वहीच्या पानाच्या डाव्या बाजूला पाहिलेले व ऐकलेले लिहितात, उजव्या बाजूला स्वतःला वाटलेले. गिऱ्हाइकाने एका बाईकडची मेथीची जुडी उचलून भाव विचारला, न घेता ते पुढे निघाले, तेव्हा शेजारच्या बाईने त्याला हाक मारली आणि पहिलीने मान फिरवली, इतके नोंदवले की विक्रेत्यांच्या आपसांतील नात्याविषयी विचारण्याजोगे प्रश्न हाती येतात. टिपणे त्याच रात्री विस्ताराने लिहावीत आणि लोकांचे बोलणे प्रमाणभाषेत बदलू नये. आपले विद्यार्थी हा बदल नकळत करतात आणि निम्मी माहिती तिथेच गमावतात.

प्रतिसाद २
विभागणी उपयोगी आहे, मात्र काय दिसणार हेही पाहणाऱ्याच्या स्थानावर ठरते. यासाठी मी मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा पंढरीच्या वारीवरील लेख वाचायला देते. एकाच दिंडीत अभंग म्हणत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसतात, हे त्यांना खुपते. आपण मराठा बायकांबरोबर जेवल्यानंतर त्या बायका अधिक मोकळेपणाने बोलू लागल्याचेही कर्वे नोंदवतात. जेवणाआधीची आणि नंतरची माहिती सारखी असती का, यावर वर्गात तासभर चर्चा होते. त्यानंतर प्रत्येकाने आपले लिंग, जात आणि बोली यांमुळे बाजारात कोण आपल्याशी बोलले, कोणी टाळले, हे लिहावे.

प्रतिसाद ३
संमतीचा भाग पहिल्याच तासाला घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ऐन विक्रीच्या वेळी वही काढून उभे राहिल्याने त्या बाईंचे गिऱ्हाईक जाते. म्हणून पाले लागताना किंवा बाजार उठताना जावे, आपण कोण व कशासाठी आलो ते सांगावे, विचारल्याशिवाय मोबाइलवर ध्वनिमुद्रण करू नये. टिपणांत खरी नावे नकोत, आणि नको म्हणणाऱ्या व्यक्तीविषयीचा मजकूर गुण कमी न करता वगळू द्यावा.