लॉ सोबत क्रिमिनॉलॉजी घेऊन पोरं नक्की कुठं पोचतात?

कोर्टवाला_सातारा

भाचा बारावी झाला. पाच वर्षांचं लॉ करायचं ठरलंय, सीईटी पण दिलीय, पण मधेच त्याला एका खाजगी विद्यापीठाचं ब्रोशर सापडलं, बीए एलएलबी ऑनर्स विथ क्रिमिनॉलॉजी. फी आपल्या साध्या लॉ कॉलेजच्या कितीतरी पट. मामा वकील म्हणून मला विचारलं, मी सरळ नको म्हटलं, आता बहीण माझ्याशी बोलत नाही. म्हणून इथं टाकतोय, सांगा माझं काय चुकलं.

मी 14 वर्षं क्रिमिनल करतोय, जेएमएफसी (खालचं मॅजिस्ट्रेट कोर्ट) आणि सेशन्स दोन्हीकडं. आजवर एकाही जजसाहेबांनी मला विचारलं नाही की वकीलसाहेब तुमच्या आरोपीनं हे का केलं असेल, जरा समाजशास्त्र सांगा. विचारतात काय तर पंच कुठला, रिकव्हरी कधीची, साक्षीदार किती फुटांवर उभा होता, लाईट होती का. उलटतपास कुठल्या पेपरात शिकवत नाहीत, सिनियरच्या मागं फायली घेऊन पाच वर्षं उभं राहिलं की येतो, कधी कधी तरी पण येत नाही. त्यात 1 जुलै 2024 पासून फौजदारीचे तिन्ही कायदे बदलले, आम्ही जुनी खोडं खुनाला अजून 302 म्हणतो आणि मग जीभ चावून 103 म्हणतो. ह्या पोरांनी आधी बीएनएस (भारतीय न्याय संहिता, गुन्हे आणि शिक्षा), बीएनएसएस (नागरिक सुरक्षा संहिता, तपास आणि कोर्टाची पद्धत) आणि पुरावा कायदा घोटून प्यायचा की गुन्हेगाराच्या बालपणावर असाइनमेंट लिहायची? सनद (वकिलीचा परवाना) हातात आली की डिग्रीपुढं विथ काय होतं ते कोणी विचारत नाही. बोला.

मधलीसुट्टी

एकच प्रश्न. ब्रोशरवर भिंगातून बोटाचा ठसा बघणारी मुलगी आहे का?

कोर्टवाला_सातारा

आहे. पांढरा कोट घालून.

मधलीसुट्टी

मग तिथंच गोम आहे 😀 अहो ते फॉरेन्सिक. क्रिमिनॉलॉजी वेगळी. फॉरेन्सिक म्हणजे रक्त, डीएनए, ठसे, हार्डडिस्क, त्याला सायन्स लागतं. क्रिमिनॉलॉजी म्हणजे गुन्हे का होतात, कोणाच्या नावावर जास्त लागतात, शिक्षेनं कमी होतात का, जेल मधून सुटलेला माणूस परत का येतो. ठसे त्यात कुठं नाहीत. कॉलेजवाले मुद्दाम दोन्हीची खिचडी करून विकतात कारण टीव्हीवर बघून पोरांना भिंग आवडतं. नवीन बीएनएसएस मधे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यानं जागेवर जायचं असं आलंय ना (176 चं पोटकलम 3, राज्यांना तयारीसाठी मुदत दिलीय), तेव्हापासून तर काय, ज्याला त्याला ह्यातच स्कोप दिसतोय.

गजांपलीकडे

दादा तुमचं पहिलं वाक्य वाचूनच लिहायला बसले. "जजनी कधी विचारलं नाही आरोपीनं का केलं." विचारत नाहीत हीच तर तक्रार आहे, आणि त्यांनी विचारावं असं कायद्यातच लिहिलेलं आहे. दोषी ठरवल्यावर शिक्षेवर वेगळी सुनावणी द्यायची, जुन्या सीआरपीसीचं 235(2), आता बीएनएसएसचं 258. आपल्याकडं ती कशी होते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सकाळी दोषी, दुपारी वकील उठून म्हणतो आरोपी तरुण आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, दया व्हावी. तीन वाक्यं. झाली सुनावणी.

मी टिसमधनं (मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था) क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस केलंय (तिथं तो सोशल वर्कचा एमए असतो, लॉ नाही), नंतर आठ वर्षं अंडरट्रायल, म्हणजे खटला संपायच्या आधीच जेलमधे असलेल्या लोकांबरोबर काम. देशातल्या जेलमधल्या चार माणसांतली तीन अजून दोषीच ठरलेली नाहीत, हे पेपरात येतं आणि आपण पान उलटतो. मी ज्यांना भेटायचे त्यातल्या कित्येकांना आपला वकील कोण हे माहीत नसायचं, जामीन मंजूर होऊन जामीनदार नाही म्हणून आत बसलेले. आता बीएनएसएस 479 मधे पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडायची तरतूद आहे (फाशी जन्मठेपेचे गुन्हे सोडून, आणि एकापेक्षा जास्त केसेस असतील तर अडतं), पण तो हिशोब कोणी तरी मांडायला लागतो ना. मला कायदा तुटपुंजा यायचा म्हणून मी वकिलांच्या मागं फिरायचे, आणि वकिलांना आतला माणूस कळायचा नाही म्हणून ते माझ्या मागं. एकाच डोक्यात दोन्ही असतं तर किती फेऱ्या वाचल्या असत्या.

आणि 2022 चा मनोज विरुद्ध मध्य प्रदेश हा निकाल तुम्ही वाचलाच असेल. फाशीचा प्रश्न असेल तर मानसशास्त्रीय अहवाल आणा, प्रोबेशन ऑफिसरचा (जेलऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारा) रिपोर्ट आणा, जेलमधलं वागणं कसं होतं त्याचा रिपोर्ट आणा, आणि हे सरकारी बाजूनं पण आणायचं, असं सुप्रीम कोर्टानं सांगितलं. फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ केसमधे हे 1980 सालीच बच्चन सिंग मधे म्हणून झालं होतं, माणूस समजून घ्यायचा कसा ह्याची पद्धत यायला पुढं 42 वर्षं गेली. तो रिपोर्ट कोण वाचणार आणि त्यावर उलटतपास कोण घेणार? ज्याला तो समजतो तोच.

निवृत्त_हवालदार

ताई मान आहे तुमच्या कामाला पण जरा फिर्यादीच्या घरी पण जाऊन या. 33 वर्षं नोकरी केली मी. आरोपीचं बालपण, आरोपीची गरिबी, आरोपीचं मन, सगळं आरोपीचंच. 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला त्या अल्पवयीन पोराच्या पोर्शे गाडीनं दोन जीव घेतले तर बाल न्याय मंडळानं काय सांगितलं, तीनशे शब्दाचा निबंध लिहा. हीच ती तुमची क्रिमिनॉलॉजी. आमच्या वेळेला गावातला बीट अंमलदार सांगायचा कोण कशाला चोरी करतो, त्याला डिग्री नव्हती.

गजांपलीकडे

काका, निबंधाचा राग मला पण आहे, पण तो क्रिमिनॉलॉजी जास्त झाल्यामुळं नाही तर अजिबात नसल्यामुळं आला. बाल न्याय कायद्याचं कलम 15 बघा. 16 ते 18 चं पोरगं आणि गुन्हा निर्घृण असेल तर मंडळानं प्राथमिक मूल्यांकन करायचं: गुन्हा करायची मानसिक शारीरिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, परिस्थिती काय होती. मानसशास्त्रज्ञाची मदत घ्या असं त्याच कलमात आहे. पण गुन्हा त्या व्याख्येत बसतो का ह्याच्यावरच आधी भांडण असतं, ते पूर्ण कायद्याचं भांडण, आणि बसला तर पुढचं मूल्यांकन पूर्ण क्रिमिनॉलॉजीचं. एकाच फायलीत दोन्ही. निबंध ह्यातल्या कशातच बसत नाही, आणि नंतर त्या मंडळाला स्वतःचा आदेश बदलायला लागलाच.

फिर्यादीचं म्हणाल तर ते पण शिकवतात, व्हिक्टिमॉलॉजी (ज्याच्यावर गुन्हा झाला त्याचा अभ्यास) नावाचा अख्खा भाग आहे. कमी शिकवतात हे मान्य.

पालावरचा

मी वेगळंच बोलणार आहे, दोन्ही बाजूला पटणार नाही कदाचित.

मी पारधी. घरातला पहिला वकील. क्रिमिनॉलॉजी हा शब्द ऐकला की माझ्या आजीचं तोंड आठवतं. इंग्रजांनी 1871 ला कायदा केला आणि जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमधे तारेच्या कुंपणात लोकं, हजेरी लावायची, पासशिवाय बाहेर जायचं नाही. 1952 ला 31 ऑगस्टला तो कायदा गेला, म्हणजे देश सुटल्यावर पाच वर्षांनी आम्ही सुटलो, आणि लगेच सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्यात 1959 ला. आणि युरोपात त्याच काळात, 1876 ला, लोंब्रोसो नावाचा इटालियन डॉक्टर पुस्तक लिहून सांगत होता की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार, कवटी आणि जबडा बघून ओळखता येतात. त्याला क्रिमिनॉलॉजीचा बाप म्हणतात! म्हणजे ह्या विषयाच्या बापानं आणि आमच्या मायबाप सरकारनं एकच गोष्ट म्हटली.

हवालदार काका, राग मानू नका, तुमचा बीट अंमलदार "सांगायचा" तो हेच सांगायचा. चोरी झाली की पहिली गाडी पालावर.

जालना जिल्ह्यातली 2003 ची दरोडा आणि खुनाची केस वकीलसाहेबांना माहीत असेल. भटक्या समाजातली सहा माणसं. 2009 ला सुप्रीम कोर्टानं सहाच्या सहा जणांना फाशी. 2019 ला त्याच सुप्रीम कोर्टानं सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि सरकारला प्रत्येकी पाच लाख द्यायला लावले. सोळा वर्षं गेली. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, ते सुद्धा फाशी सुनावून झाल्यावर बाहेर आलं. आणि जखमी साक्षीदारानं पोलिसांच्या फोटोतनं आधी दुसरीच चार माणसं दाखवली होती, ते कागदावर होतं, कोणी त्यांच्या मागं गेलं नाही.

आता वकीलसाहेब म्हणतील बघा, हे उलटतपासात निघायला पाहिजे होतं, इथं कायदाच लागतो. बरोबर. पण ही माणसं पहिल्यांदा संशयित झालीच कशी, सहाच्या सहा एकाच प्रकारच्या समाजातली कशी, हा प्रश्न कुठल्या कलमात नाही. तो इतिहासात आहे, आणि लॉ कॉलेजात मला तो कोणी शिकवला नाही. पाच वर्षांत गुन्हेगार जमातींचा तो 1871 चा कायदा एका ओळीत आला, तो पण रद्द झालेले कायदे ह्या यादीत. म्हणून मी म्हणतो भाच्यानं दोन्ही एकत्र शिकावं, पण क्रिमिनॉलॉजीवर विश्वास ठेवायला नाही, तिला पकडायला.

थंडीत_चहा

वा. ह्याच्यावर काय लिहिणार, तरी माझा अनुभव टाकते. मी इंग्लंडमधे लॉ विथ क्रिमिनॉलॉजी करतेय, दुसरं वर्ष. इथं हा कॉम्बो ढिगानं युनिव्हर्सिटीत आहे. विथ असलं की लॉ जास्त आणि क्रिमिनॉलॉजी तोंडी लावायला, अँड असलं की साधारण अर्धं अर्धं. हे बारीक अक्षरात असतं आणि एजंट कधी सांगत नाही. बॅरिस्टर व्हायचं तर ठरलेले मूळ कायद्याचे विषय डिग्रीत असायलाच लागतात. सॉलिसिटरला 2021 पासून एसक्यूई नावाची वेगळी परीक्षा आणि दोन वर्षं कामाचा अनुभव, डिग्री कुठली ह्याच्याशी फारसं देणंघेणं नाही. माझ्या वर्गातली निम्मी पोरं वकील होणारच नाहीयेत, त्यांना पोलिसात, प्रोबेशनमधे नाही तर सरकारी खात्यात जायचंय. इथं प्रोबेशन ऑफिसर हा खरोखरचा जॉब आहे, कोर्ट त्याचा रिपोर्ट मागतं आणि वाचतं. आपल्याकडं प्रोबेशनचा कायदा 1958 पासून आहे, प्रोबेशन ऑफिसर किती जणांनी बघितलाय? मी तर नाही.

आणि पैशाचं म्हणाल तर इकडं पण क्रिमिनलवाले रडतच असतात, 2022 ला बॅरिस्टर लोकांनी लीगल एडच्या (गरीब आरोपीसाठी सरकार देतं त्या) फीसाठी संप केला होता, गाऊन घालून कोर्टाबाहेर उभे. परत येऊन भारतात प्रॅक्टिस करायची तर युनिव्हर्सिटी बार कौन्सिलच्या मान्यतेतली लागते, वर त्यांची वेगळी परीक्षा. मला हे इथं आल्यावर कळलं 🙃

कोर्टवाला_सातारा

सकाळपासून कोर्टात होतो, आत्ता सगळं वाचलं.

पालावरचे साहेब, जालन्याची केस मला निकालापुरती माहीत होती, फोटोवालं लक्षात नव्हतं. त्यावर मी वाद घालणार नाही.

गजांपलीकडे ताई, तीन वाक्यांची सुनावणी म्हणालात ते लागलं, कारण ती तीन वाक्यं मी पण म्हटलीयत. म्हातारे आईवडील सुद्धा. एकदा तर आरोपीचे वडील वारलेले निघाले आणि जजसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. पण मला सांगा, तालुक्याच्या कोर्टात ज्या क्लायंटकडं जामिनाचे पैसे नाहीत तो मानसशास्त्रीय अहवालाचे कुठनं देणार? मनोजचा निकाल फाशीच्या केसेसचा, माझ्याकडं येतात मारामाऱ्या, चेक बाउन्स, 498 ए (सासरचा छळ, आता 85), दारूची वाहतूक. तुमचं सगळं खरं धरलं तरी ते शंभरातल्या एका केसला. उरलेल्या नव्व्याण्णवला सातबारा वाचता येणारा वकील लागतो.

शिवाय मुद्दा फीचा. क्रिमिनॉलॉजी वाचू नको असं मी म्हणत नाही. बार कौन्सिलच्या नियमात ऑनर्ससाठी क्राइम अँड क्रिमिनॉलॉजीचा गट 2008 पासून आहे, साध्या कॉलेजात पण पेनॉलॉजीचा (शिक्षा आणि जेल ह्यांचा अभ्यास) ऑप्शनल असतो, आम्हाला होता, स्कोरिंग म्हणून घेतला आणि गाईडवर काढला. तो पोरानं नीट शिकावा. वर एमए करावं टिसला. त्यासाठी भावजींनी प्लॉट विकायची काय गरज.

गजांपलीकडे

प्लॉट विकायचा असेल तर मी पण तुमच्याच बाजूला 😄 पण "शंभरातली एक" नाही हो दादा. दारूच्या केसमधे पहिलाच गुन्हा असेल तर प्रोबेशनचा अर्ज शेवटचा कधी टाकलात? बीएनएसमधे समाजसेवेची शिक्षा आलीय, दारू पिऊन धिंगाणा, पाच हजाराच्या आतली पहिली चोरी, असल्या गुन्ह्यांना. तुमच्या नव्व्याण्णवातलीच ही माणसं. कोणती सेवा द्या हे कोर्टाला सुचवणार कोण?

निवृत्त_हवालदार

अर्जाचं मला नाही माहीत. पण एक सांगतो. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानानं 1939 ला काढलेली कैद्यांची उघडी वसाहत, भिंती नाहीत. ड्युटीवर एकदा जाऊन आलोय. खुनातली माणसं बायकापोरांसह राहून शेती करत होती. मला पटलं नव्हतं तेव्हा, आज पण पूर्ण पटत नाही. पण पळून कोणी जात नव्हतं हे खरं. भाच्याला कॉलेजच्या आधी तिथं घेऊन जा.

मधलीसुट्टी

आणि ब्रोशर मागं उलटून बघा, सगळे पेपर मोजा, शिकवणारे कोण आहेत ते बघा. क्रिमिनॉलॉजी शिकवणारा क्रिमिनॉलॉजीचा आहे की कराराच्या कायद्याचा मास्तर तासाला पाठवलाय.

कोर्टवाला_सातारा

मोजले. पाच वर्षांत क्रिमिनॉलॉजीचे सहा पेपर. मास्तरांची नावं नाहीत, "नामवंत तज्ञ" आहेत. जेल भेट एक, पुढं बारीक अक्षरात "परवानगी मिळाल्यास".

बहिणीला पाठवलंय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. सोमवारी माझा एक शिक्षेवरचा आर्ग्युमेंट आहे, भाच्याला म्हटलंय येऊन मागच्या बाकावर बस. आईवडील हयात आहेत का ते ह्यावेळी आधी विचारून घेतलंय.