बीथोव्हेनच्या शिवारात अश्वमानव कशाला?

सांगलीवाडीकर:
रविवारी पुतणीबरोबर डिस्नेचा १९४० सालचा 'फँटेझिया' पाहिला. स्टोकोव्स्कीच्या संचालनाखाली वाजवलेल्या पाश्चात्त्य अभिजात रचनांवर त्यात चलच्चित्रे बेतली आहेत. चित्रकारांच्या हाताला नावे ठेवण्याची माझी प्राज्ञा नाही. पण बीथोव्हेनच्या सहाव्या सिंफनीत (१८०८) गावी पोचल्याचा आनंद, ओढा, शेतकऱ्यांचा मेळा आणि वादळ आहे, आणि हे चित्रणापेक्षा भावनेचे प्रकटीकरण अधिक आहे, असे त्याने स्वतः नोंदवून ठेवले असताना तिथे ग्रीक पुराणातले अश्वमानव आणून सोडले आहेत. आता नुसती सिंफनी लावली, तरी पुतणी विचारते, "काका, घोडे कधी येणार?"

कृष्णाकाठ:
ती सिंफनी ऐकायला बसते, हेच मुळात त्या घोड्यांमुळे, हे आपण विसरता. शिवाय त्याच रचनेच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी बासरी, ओबो आणि क्लॅरिनेट यांवर नाइटिंगेल, लावा आणि कुक्कू हे पक्षी बोलतात, आणि त्यांची नावे बीथोव्हेननेच स्वरलेखनात लिहिली आहेत. आपल्याकडेही रागमालेत, म्हणजे रागांच्या चित्रमालिकेत, तोडी म्हणजे वीणा घेतलेली स्त्री आणि भोवती हरणे. त्या चित्रांनी तोडी बिघडली, अशी तक्रार मी तरी ऐकलेली नाही.

मिरजकर:
रागमालेचा दाखला इथे लागू पडत नाही. ते चित्र स्थिर असते. विलंबितात कोमल गांधारावर किती थांबायचे, हे हरिण ठरवत नाही. याउलट, स्ट्राविन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग'चा (१९१३) विषय प्राचीन रशियातला वसंतविधी आणि नरबळी असताना, त्यावर डायनोसॉर चढवण्यासाठी या चित्रपटात मूळ भागांचा क्रम बदलला आणि काही भाग गाळलासुद्धा. आमच्याकडे तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, लावताना कारागीर तारेखालचा दोरा घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) केसभर पुढेमागे सरकवतो आणि कान देऊन बसतो. त्या केसभर फरकाचे मोल जाणणाऱ्याला ही कापाकापी रुचणार नाही.

कृष्णाकाठ:
कापाकापीचे मान्य. पण मग याच चित्रपटातल्या ड्यूकासच्या रचनेचे काय?

सांगलीवाडीकर:
तिथे मात्र मी हरलो. शिकाऊ जादूगाराची ती रचना (१८९७) गोएथेच्या कवितेवरच बेतलेली असल्याने पाणी भरणारा झाडू मुळातच संगीतात आहे. झाडूवर कुऱ्हाड पडते, क्षणभर सारे थांबते आणि मग कॉन्ट्राबसून या खर्जातल्या वाद्याचे एकेक जाड स्वर तळातून उठू लागतात. चित्र न पाहताही तो झाडू पुन्हा उभा राहताना दिसतो. बीथोव्हेनचे घोडे मात्र मला अजूनही ऐकू येत नाहीत. यंदा उरुसात मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यातल्या संगीत सभेला पुतणीला नेणार आहे; तिथे तिने घोडे मागितले, तर उत्तर द्यायला कृष्णाकाठ यांनी शेजारी बसावे.