जुनं सँडर: पेपर टिकत नाही, लाकडावर गोल चरे पडतात, मोटर गेली का?

नवा_रंधा: नमस्कार मंडळी, पुण्यातल्या जुन्या बाजारातून ५ इंची गोल सँडर (लाकूड घासायचं मशीन) घेतलं, आजोबांची सागवानी पेटी घासून परत पॉलिश करायचीय म्हणून. चालू होतं पण घासायचा पेपर दोन मिनिटांत निघून उडतो, हवेत धरलं की पेपर चिकटवायचं पॅड सुसाट फिरायला लागतं आणि लाकडावर टेकवलं की पहिल्याच झटक्यात गोल चरा पडतो, शिवाय मागच्या जाळीतून ठिणग्या दिसतात आणि घरघर आवाज आहे. दुरुस्तीवाला म्हणाला मोटर गेली, नवीन घ्या. खरंच गेलीय का हो?

भुसा_आणि_मी: दादा घाई करू नका, तुम्ही लिहिलंय त्यातलं बरंचसं झिजलेल्या सुट्या भागांचं आहे. पेपर उडतो म्हणजे पॅडच्या वेल्क्रोचे आकडे वितळलेत. आधीच्या माणसानं मशीन दाबून दाबून चालवलं असणार, त्या उष्णतेनं आकडे चपटे होतात. १२५ एमएमचं (म्हणजे ५ इंची) नवीन पॅड घ्या पण जुनं सोबत न्या, भोकं आणि स्क्रूची जागा जुळायला हवी, नाहीतर धूळ खेचली जात नाही.

आता चरे. पॅडच्या वर एक रबरी रिंग असते, ती ब्रेक. मशीन हवेत असताना पॅड हळू फिरावं एवढंच तिचं काम. ती झिजली की पॅड मोटरच्या वेगानं पळतं आणि टेकवल्या टेकवल्या लाकूड खातं. पॅड काढलंच आहे तर तीही बदला, नुसतं पॅड बदलून चरे थांबणार नाहीत, मी हीच चूक करून टेबलाचा टॉप दोनदा घासलाय. आणि पेटीला हात लावायच्या आधी रद्दी फळीवर बघा.

कार्बनवाला: ठिणग्यांसाठी प्लग काढून कार्बन (मोटरला वीज पोचवणारे दोन छोटे ठोकळे) बाहेर काढा. ५-६ एमएमच्या खाली आले असतील तर दोन्ही बदला, एकच नको. नवीन कार्बन खाचेत सहज सरकायला हवेत. मग ५-१० मिनिटं रिकामं चालवा, कार्बन बसेपर्यंत थोड्या ठिणग्या दिसतीलच. पण नंतरही कॉम्युटेटरभोवती (कार्बन टेकतात ती तांब्याची गोल पट्टी) आगीचं कडं दिसलं तर मात्र आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) तपासून घ्या, तेव्हा तो दुरुस्तीवाला बरोबर ठरेल.

पेठेतली_सुतारीण: घरघर बेअरिंगची असेल. प्लग काढून पॅड हातानं फिरवा, वाळू असल्यासारखं लागलं तर पॅडवरचं बेअरिंग गेलं, सगळी धूळ तिथेच जाते. नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो, पुण्यात बोहरी आळीत विचारा. मागताना २आरएस म्हणजे रबरी सीलचं मागा, पत्र्याच्या झाकणाचं नको, धुळीत ते टिकत नाही. बसवताना मशीनमधल्या त्याच्या खोबणीत दाबायचं असेल तर बाहेरच्या कड्यावरच जोर द्या, आतल्या कड्यावर ठोकलं तर नवीन बेअरिंगही पहिल्या दिवशीच खराब होतं. मशीनच्या आतल्या पंख्याची जागा खूण करून ठेवा, त्यालाच तोलाचं वजन जोडलेलं असतं, चुकलं तर मशीन हातात थरथरतं.

नवा_रंधा: मनापासून आभार सगळ्यांचे. आत्ताच उघडलं, एक कार्बन ३ एमएम उरलाय आणि ब्रेकची रिंग हातात आली ती अर्धीच आहे. बेअरिंग ताईंनी सांगितलं तसंच, वाळूसारखं लागतंय. उद्या सगळं सोबत घेऊन आळीत जातो, पेटी तोवर गोधडीत गुंडाळून ठेवलीय.