आखूड नाकाचा जुना रेल्वे ट्रक : टाटा, कॉमेट की बेडफर्ड?

नाशिकरोडकर
सिन्नरजवळ एका शेडमागे आखूड नाकाचा ट्रक उभा आहे. दारावर हिरव्या रंगाखाली 'म.रे.' आणि 'पी.डब्ल्यू.आय.' पुसट दिसतं. हौद्यात हाताने फिरवायची छोटी क्रेन आहे. पुढचं चिन्ह गेलेलं, जाळी साध्या पत्र्याची, नंबरप्लेट नाही. डिझेल इंजिन जागेवर आहे, सहा सिलिंडरचं. भंगारात जायच्या आत गाडी कोणती आणि साधारण कधीची हे ठरवायचंय. एका जुन्या लिलाव यादीत 'लॉरी – 1' अशी नोंद मिळाली. ती हीच समजायची का?

मनमाडवाला
त्या नोंदीवर विसंबू नका. रेल्वेच्या नियमांत लॉरी म्हणजे ट्रक नव्हे. चार माणसांना रुळांवरून उचलून बाजूला ठेवता येते ती ट्रॉली, तशीच पण त्याहून जड ती लॉरी. दोन्ही रुळांवरच चालतात. यादीत शेजारी चासी नंबर किंवा टायरचा उल्लेख असेल तरच तो ट्रक.

'पी.डब्ल्यू.आय.' म्हणजे पर्मनंट वे इन्स्पेक्टर, म्हणजे गाडी रुळांच्या देखभालीच्या शाखेची, हे मात्र पक्कं. मध्य रेल्वे 5 नोव्हेंबर 1951 ला झाली, म्हणजे 'म.रे.' ही अक्षरं त्यानंतरची.

सातपूरकर
तोंडावरून ओळखायला जाऊ नका. त्या काळी बहुतेक ट्रक चासी आणि काउल (इंजिनामागचा, डॅशपर्यंतचा पुढचा पत्रा) एवढेच कंपनीतून निघायचे. केबिन, हौदा, फाळका बॉडीवाला बांधायचा. जाळी आणि मडगार्ड तर हाताला येईल ते बसवलेलं असतं.

आधी पाने लावून बघा. टाटा-मर्सिडीजचे नटबोल्ट मिलिमीटरचे, लेलँडच्या कॉमेटचे आणि बेडफर्डचे इंचातले. 17 आणि 14 चा पाना घ्या, 19 चा नको: पाऊण इंच म्हणजे 19.05 मिमी, त्यामुळे 19 चा पाना इंची नटावरही बसल्यासारखा वाटतो आणि फसवतो. 17 चा तसा फसवत नाही, कारण जवळचा इंची नट 11/16 म्हणजे 17.46 मिमी, त्यावर तो चढतच नाही. हे इंजिनावर तपासू नका आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या यू-बोल्टवरही नको, दोन्ही बदललेले असू शकतात. गिअरबॉक्सचं झाकण आणि स्टिअरिंग बॉक्स बघा.

मग ब्लॉकवरचा आकडा वाचा. टाटाच्या 692 मध्ये 6 म्हणजे सिलिंडर आणि 92 म्हणजे बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मिलिमीटरमध्ये, 697 चंही तसंच. लेलँडच्या 370 आणि 400 मधला आकडा घन इंचांचा असतो. पर्किन्स 6.354 म्हणजे सहा सिलिंडर, 354 घन इंच. पर्किन्स निघालं तर त्यावरून गाडी ठरत नाही, पेट्रोल ट्रकमध्ये डिझेल म्हणून ते सर्रास बसवलं जायचं.

चासी नंबर बहुतेक उजव्या पुढच्या चाकाजवळ गर्डरवर ठोकलेला असतो. ग्राइंडर अजिबात लावू नका. अंक उथळ असतात, गंजाबरोबर तेही जातात. डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी रात्रभर बांधून ठेवा, सकाळी पितळी ब्रशने साफ करा, वर खडू आडवा घासा आणि टॉर्च तिरकी धरा.

नाशिकरोडकर
17 आणि 14, दोन्ही पाने गिअरबॉक्सच्या झाकणावर घट्ट बसले. ब्लॉकवर 692 आहे. पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर 4.22 मीटर. चासी नंबरचे शेवटचे चारच अंक वाचता आले.

सातपूरकर
मग गाडी टाटाच्या घराण्यातली, आणि 1210 कडेच बोट जातं: 12 टन, 100 हॉर्सपॉवरच्या आसपास. मॉडेलच्या पट्टीवर शेवटी '/42' सापडलं तर तुमच्या मापाशी जुळतं, कारण तो आकडा व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचा असतो.

काळ ठरवायला चिन्ह लागेल. डाइम्लर-बेन्झशी करार 1954 ते 1969, तोवर मर्सिडीजचा तारा, पुढे गोलात 'टी'. पुढचं चिन्ह गेलं असलं तरी स्टिअरिंगच्या मधलं बटण आणि डॅशवरची पट्टी बघा. ती सहसा कोणी काढत नाही.

चाकं खोलणार असाल तर सावध राहा. डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावला की ते आणखी आवळले जातात आणि स्टड तुटतो.

मनमाडवाला
दारावरची अक्षरं आधी सरळ समोरून, बाजूला टेप धरून फोटोत घ्या. मग एका कोपऱ्यात 400 नंबरचा पाणीपेपर ओला करून गोल घासा. रंगांचे थर कड्यांसारखे उघडे पडतील. सगळ्यात आतल्या कड्यापासून बाहेर मोजत या आणि अक्षरं कोणत्या थरावर आहेत ते लिहून ठेवा. अक्षरांखाली आणखी रंग निघाला, तर गाडी रेल्वेत येण्याआधी दुसऱ्या कोणाकडे होती किंवा रेल्वेतच पुन्हा रंगवली गेली होती. क्रेनच्या पायाचे बोल्टही उघडून बघा. बोल्टाखालच्या पत्र्यावर तोच आतला रंग असेल तर क्रेन नंतर बसवलेली आहे.