विमानात बाळाची कारसीट : तुमचा अनुभव काय?

एडिसन, न्यू जर्सी

सुट्टीची तिकिटं काढायचे दिवस आले की आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो. भारतात जाताना कारसीट न्यायची का? नेली तर सामानात टाकायची, की विमानात सीटवर बांधायची? उत्तरं येतात ती एकेका ओळीची. 'काही गरज नाही, आम्ही मांडीवरच नेलं' किंवा 'नक्की न्या'. नव्या आईबाबांच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून हा धागा. बाळ केवढं होतं, सीट कशी बसली, कोणी अडवलं, उतरल्यावर काय झालं, हे सगळं सविस्तर लिहा.

आधी अमेरिकेतले नियम, कारण त्यावर फार गोंधळ असतो. दोन वर्षांच्या आतलं मूल देशांतर्गत विमानात मांडीवर फुकट जातं, आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुधा भाड्याच्या दहा टक्के आणि कर भरावे लागतात. पण मुलाचं वेगळं तिकीट काढलं असेल आणि कारसीट विमानासाठी प्रमाणित असेल, तर अमेरिकी कंपनीला ती नाकारता येत नाही. कुठल्या जागी लावायची ते मात्र कंपनी सांगते, बहुतेक वेळा खिडकीशी. आपत्कालीन दाराची रांग आणि तिच्या लगतच्या रांगा सोडायच्या. सीटच्या कडेला किंवा पाठीवर लेबल असतं, त्यावर मोटारीत आणि विमानात वापरायला प्रमाणित असल्याचं वाक्य लाल अक्षरांत छापलेलं असतं. त्या लेबलचा फोटो मोबाईलमध्ये ठेवाच. स्वतःचे खांद्याचे पट्टे नसलेलं नुसतं बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक, टेकऑफ-लँडिंगला चालत नाही.

आता आमचं. लेक सव्वा वर्षाची असताना न्यूअर्कहून थेट मुंबईला गेलो, तिची स्वतंत्र जागा घेऊन. एवढ्या लहान मुलाला जागा द्यायचा पर्याय कंपनीच्या संकेतस्थळावर सापडेना, फोनवरूनच ते काम झालं. गाडीत कारसीट अडकवायला असतात ते लॅचचे हूक विमानात नसतात, फक्त कमरेचा पट्टा असतो. दोन सीटमधला टेकायचा हात वर करायचा, कारसीट मागे तोंड करून ठेवायची, पट्टा कारसीटच्या त्यासाठीच्या खाचेतून ओवायचा, बकल लावायचं आणि सीटमध्ये गुडघा रोवून मोकळं टोक ओढायचं. एक गोष्ट कोणी सांगत नाही ती लिहून ठेवते. विमानाचं बकल झाकण उचलून उघडतं. ते झाकण प्लॅस्टिकच्या खाचेत दाबलं गेलं तर उतरताना बोटं आत जात नाहीत आणि मागे सगळी रांग खोळंबते. म्हणून ओढण्याआधीच झाकण उघडायला मोकळं राहतंय ना, हे बघा.

पुढच्या सीटवर एक वयस्कर काका होते. मागे तोंड केलेल्या कारसीटमुळे त्यांची पाठ मागे जाईना. रात्रभराचा प्रवास, त्यांची चूक काहीच नव्हती. माझा नवरा पुढे जाऊन बसला आणि काका त्याच्या जागी माझ्या शेजारी आले. आता आम्ही तिकिटं काढतानाच कारसीटच्या पुढची जागा घरातल्याच कोणासाठी धरतो. लेक मात्र छान झोपली. सीट तिच्या ओळखीची, पट्टे ओळखीचे, वासही घरचाच.

मुंबईत टॅक्सीचे मागचे पट्टे सीटकव्हरखाली गडप झालेले. चालकदादांनी स्वतः कव्हर उचकटून बकल शोधून दिलं. भारतात 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड आहे, पण टॅक्सीत बालआसन तुम्हाला कोणी देणार नाही. तिथे स्वतःची सीट लागतेच, मग ती विमानाच्या पोटातून नेण्यापेक्षा बाळाखाली का नको, असं माझं म्हणणं.

डॅलस, टेक्सस

आम्ही बेसिनेट (विमानात समोरच्या भिंतीला अडकवतात तो बाळाचा पाळणा) घेतलं होतं. मुलगा सात महिन्यांचा. बेसिनेटचा मोह सगळ्यांना होतो, कारण जागेचे वेगळे पैसे नाहीत आणि पुढे पाय पसरायला ऐसपैस. पण टेकऑफ-लँडिंगला बाळ बेसिनेटमध्ये ठेवता येत नाही, आणि पट्ट्याचा दिवा लागला की आमच्या विमानात बाळाला उचलून घ्यायला सांगत होते. नुकतंच झोपलेलं पोर उठवायचं, मांडीवर घ्यायचं, ते रडणार, दिवा गेला की पुन्हा झोपवायचं, की परत दिवा. दाराशी असल्याने स्वयंपाकघराचा उजेड डोळ्यांवर तो वेगळाच. पुढच्या खेपेला कारसीट नेली. तेव्हा दिवा लागला काय आणि गेला काय, तो आपला झोपलेला.

मस्कत

आमच्याकडून वेगळं मत. मस्कत ते मुंबई अडीच-तीन तास. बाळ मांडीवर, एअर होस्टेस छोटा जोडपट्टा देते, तो आपल्या पट्ट्यात अडकवायचा. दूध पाजलं की प्रवास संपला. एवढ्यासाठी पूर्ण तिकीट आणि वर ते धूड खांद्यावर घेऊन फिरायचं? तेवढ्या पैशांत इथून अख्खं कुटुंब वर्षातून आणखी एकदा घरी जाऊन येतं. सगळ्यांना परवडणारी ही गोष्ट नाही, हेही धाग्यात यायला हवं.

सिअ‍ॅटल

मस्कतकर, पैशांचा मुद्दा खरा आहे आणि तो मी खोडणार नाही. पण जोडपट्ट्याबद्दल लिहायलाच हवं. मी विमानांच्या सुटे भागांच्या कामात आहे, त्यामुळे हा विषय जवळचा.

जोडपट्टा भारतात आणि युरोपात देतात. अमेरिकी कंपन्यांच्या विमानांत त्याला परवानगी नाही, कारण जोराचा धक्का बसला तर मोठं माणूस पुढे दुमडतं आणि त्याचं वजन बाळाच्या पोटावर येतं. मग अमेरिकेत मांडीवरच्या बाळाला काय बांधतात? काहीच नाही. दोन्ही पद्धतींत बाळ असुरक्षितच राहतं. आणि हातांवर भरवसा ठेवू नका. दहा किलोचं बाळ आणि तिप्पट गुरुत्वाइतका झटका आला, तर हातांना ते तीस किलोचं होतं, तेही आपण बेसावध असताना. 21 मे 2024 ला लंडनहून सिंगापूरला जाणारं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारवर अशाच झटक्यात सापडलं. पट्टा नसलेली माणसं छतावर आपटली, एक प्रवासी दगावला, विमान बँकॉकला उतरवावं लागलं.

आमच्या क्षेत्रात या विषयावर सू सिटीचं नाव निघतंच. 19 जुलै 1989. युनायटेडची 232 क्रमांकाची फ्लाइट डेन्व्हरहून शिकागोला निघालेली, शेपटीतलं इंजिन फुटलं आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान आयोवातल्या सू सिटीपर्यंत आणलं. विमानात चार मुलं मांडीवर होती. त्यांना पायाशी जमिनीवर ठेवून धरा, असं आईबापांना सांगितलं गेलं, कारण तेव्हाची पद्धतच ती होती. उतरताना विमान आपटलं, त्यात या चारांतलं एक मूल वाचलं नाही. ती सूचना देणाऱ्या मुख्य फ्लाइट अटेंडंट जॅन ब्राउन स्वतः वाचल्या, आणि नंतर अनेक वर्षं एकच मागणी करत राहिल्या : प्रत्येक बाळाला स्वतःची सीट आणि स्वतःचा पट्टा.

अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने 1990 मध्ये तशी शिफारस केली. पण अमेरिकेत विमान प्रवासाचे नियम ठरवणाऱ्या एफएएने सक्ती केली नाही. 2005 मध्येही त्यांचं कारण तेच : जादा तिकीट घ्यावं लागलं तर कुटुंबं मोटारीने जातील आणि रस्त्यावर त्याहून जास्त माणसं मरतील. हिशोब म्हणून हे कारण पोकळ नाही. पण मुंबईला कोणी मोटारीने जात नाही. आपल्या प्रवासाला ते लागू पडत नाही, म्हणून मी माझ्या मुलांच्या वेळी मांडीचा विचारच केला नाही.

पुणे

मी आजी आहे, नातवाबरोबर सॅन होजेहून पुण्याला आले तो अनुभव लिहिते. लेक आणि जावई मागच्या रांगेत, मी नातवाशेजारी. तो पावणेदोन वर्षांचा. त्याची सीट पुढे तोंड करून लावली होती, त्यामुळे तो उंचावर बसला आणि त्याचे पाय थेट पुढच्या पाठीपर्यंत पोचत. पहिला तास लाथा मारण्यात गेला. जावयांनी त्याचे बूट काढून ठेवले, मग आवाज थांबला. ट्रे पूर्ण खाली येत नाही, म्हणून भात मी डबा हातात धरूनच भरवला.

मला सगळ्यात जास्त फायदा वाटला तो माझ्या गुडघ्यांना. दोन्ही गुडघे दुखतात. बारा किलोचं मूल रात्रभर मांडीवर घेणं मला झेपलंच नसतं. तो बांधलेला होता म्हणून मलाही दोन घटका डोळा लावता आला. आजी-आजोबा सोबत येणार असतील तर तरुण मंडळींनी हाही विचार करावा.

लंडन

युरोपातल्यांसाठी वेगळी अडचण. इकडच्या बऱ्याच सीट आयसोफिक्सवर (गाडीच्या सीटमधल्या लोखंडी कड्यांवर) किंवा गाडीच्या तीन टोकांच्या पट्ट्यावर बसतात. विमानात दोन टोकांचाच पट्टा, म्हणून घरची महागडी सीट बसतच नाही. खरेदीआधी नुसत्या कमरेच्या पट्ट्याने बसते का, हे पुस्तिकेत बघा आणि विमानात वापरण्याजोगी असल्याचं टीयूव्ही या जर्मन तपासणी संस्थेचं लेबल आहे का तेही पाहा.

आमचं विमानातच भांडण होता होता राहिलं. मुलगी नऊ महिन्यांची, सीट मागे तोंड करायची, आणि क्रूमधल्या बाई म्हणाल्या, पुढे तोंड केल्याशिवाय चालणार नाही. एवढ्या लहान बाळाला पुढे तोंड करून बसवायचं नसतं, मानेला आधार नसतो. त्याच कंपनीने आठवडाभर आधी ईमेलवर मागे तोंड करायला होकार दिला होता. तो ईमेल कागदावर छापून जवळ होता, म्हणून वरिष्ठांना बोलावता आलं आणि तिढा सुटला. मोबाईलवर शोधत बसलो असतो तर दारं बंद झाली असती. कागद जवळ ठेवा.

बंगळूर

देशांतर्गत प्रवासात काउंटरवरच 'कारसीट आत चालत नाही, सामानात द्या' म्हणून सांगितलं. मुलीचं तिकीट होतं, वाद घातला, उपयोग झाला नाही. पुण्यात सामानाच्या पट्ट्यावरून सीट आली ती एका कडेला फुटलेली. फोम दबून चीर गेली होती, कापडामुळे वरून दिसतही नव्हती. कापड काढून बघितलं म्हणून कळलं. अशी सीट पुन्हा गाडीत वापरायची नाही, तिच्यावर भरवसा राहत नाही. सामानात द्यावीच लागली तर विमानतळ सोडण्याआधी कापड सोडवून तपासा आणि तिथेच तक्रार लिहून द्या.

टोरांटो

मूल थोडं मोठं असेल तर केअर्स हार्नेस, म्हणजे विमानात कारसीटऐवजी वापरायचे खांद्याचे पट्टे, बघा. दहा ते वीस किलो वजन, एक मीटरपर्यंत उंची, आणि मूल स्वतंत्र सीटवर ताठ बसणारं हवं. अर्धा किलोही नाही, पर्समध्ये मावतो. एक पट्टा विमानाच्या सीटच्या पाठीभोवती गुंडाळायचा, खांद्याचे दोन पट्टे खाली येऊन कमरेच्या पट्ट्यात ओवले जातात. लावताना मागच्या प्रवाशाला ट्रे खाली करायला सांगावं लागतं, कारण तो पट्टा ट्रेच्या मागून जातो. आधी नमस्कार करून विचारलं की कोणी नाही म्हणत नाही.

उणी बाजू म्हणजे दोन पायांमधला पट्टा नाही. आमची तीन वर्षांची चिमुरडी झोपली की खाली खाली सरकते आणि कमरेचा पट्टा पोटावर येतो. दर थोड्या वेळाने काखेत धरून वर ओढावी लागते. शिवाय हा हार्नेस गाडीत चालत नाही, म्हणजे नागपुरात गाडीची सोय वेगळी करावी लागली.

बे एरिया

पॉइंट्सवर बिझनेस क्लास घेणाऱ्यांसाठी एकच ओळ : जागा तिरप्या असलेल्या केबिनमध्ये आणि एअरबॅगच्या पट्ट्यावर कारसीट सहसा बसवू देत नाहीत, आधी विचारा.

ह्यूस्टन

माझा प्रश्न आहे. एकटीच जाणार आहे. धाकटा आठ महिन्यांचा, थोरली साडेतीन वर्षांची, दोह्याला विमान बदलायचं. कोणी केलं आहे का?

फीनिक्स

ह्यूस्टनताई, मी केलंय, आणि जमतं. मोठीला सीट लागणारच, आणि एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ चालतं. मी दोघांचीही तिकिटं काढली होती. धाकट्यासाठी कॉस्को या ब्रँडची हलकी सीट, साडेचार-पाच किलोची, आणि मोठीला केअर्स. कारसीट बॅगेच्या चाकांच्या गाड्याला लवचिक दोरीने बांधली आणि त्यातच धाकट्याला बसवून ओढत नेलं. सुरक्षा तपासणीला सीट मशीनमधून जाते, तेव्हा बाळ हातात घ्यावं लागतं, म्हणून बाळ बांधायची झोळी अंगावर आधीच चढवून ठेवायची.

विमानात चढायला मुलंवाल्यांना आधी बोलावतात, ती वेळ सोडू नका. मी खिडकीशी धाकट्याची सीट, मध्ये मी, कडेला मोठी, असं बसले. कारसीटमुळे कोणाची वाट अडता कामा नये, म्हणून ती खिडकीशीच. दोह्यात विमान बदलताना उतरायची घाई करू नका. सगळे गेल्यावर क्रूला हाक मारा. आमच्या वेळी त्यांनीच एक बॅग आणि मोठीचा हात धरून दारापर्यंत आणून सोडलं.

दोन विमानांमध्ये किमान तीन तास ठेवा, दोन पुरत नाहीत. तारीख कळवा, माझी ती दोरी आणि गाडा पडूनच आहे, कुरिअरने पाठवते.