टॅग एल्कचा, समोर मूस: यात सरकारनं तुमचं नेमकं काय लुटलं?

डेन्व्हरकर
'रानवाटा' यांची कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एल्कचा टॅग, म्हणजे एक एल्क मारायचा सरकारी परवाना, घेऊन कोलोराडोत वॉल्डनच्या बाजूला गेलो, झुडपांतून थोराड नर मूस अगदी टप्प्यात आला (एल्क आणि मूस ही दोन्ही इकडची मोठाली हरणं), त्याचा टॅग नसल्यामुळे हात चोळत बसलो. सबब टॅग सोडतीने वाटायची ड्रॉची पद्धत म्हणजे 'लॉटरीच्या नावाखाली लूट' आणि 'आपल्याकडच्या बाबूगिरीची गोरी आवृत्ती'.

अहो, तो मूस तिथे आला कुठून? 1978-79 मध्ये युटा आणि वायोमिंगमधून उणीपुरी 24 जनावरं आणून वॉल्डनच्याच बाजूच्या नॉर्थ पार्कात सोडली होती. आज कोलोराडोत तीन हजारांच्या आसपास मूस आहेत. ते वाढले, कारण टॅग नसलेल्यांनी बघितलं आणि जाऊ दिलं. एल्क अडीच लाखांच्या वर आहेत, म्हणून त्याचा टॅग मिळणं सोपं. कुठल्या युनिटात, कुठल्या सीझनला, नर किती आणि माद्या किती मारू द्यायच्या, हे मोजणी करून ठरतं. तुमच्या नशिबाचा आणि त्या आकड्याचा काही संबंध नाही.

आणि 'चुकून एल्क समजून मारला असता तर कुणाला कळलं असतं' हे वाक्य तुम्ही गमतीत लिहिलंत असं धरतो. अशा चुका दर सीझनला होतात. 1995 मध्ये एस्टेस पार्कात सॅमसन नावाचा सगळ्यांचा लाडका एल्क एकाने चोरून मारला, त्यावरून त्याच्या नावाचा कायदा झाला. बेकायदा मारलेल्या नर मूसला नेहमीच्या दंडावर दहा हजार डॉलर वेगळे. चूक झालीच तर आपणहून फोन करणाऱ्याशी वन्यजीव खातं बरंच नरमाईने वागतं. लपवणाऱ्याशी नाही.

रानवाटा
प्रवचन पोचलं. गंमत न कळण्याचा आजार सदाशिव पेठेतून नेलात की डेन्व्हरला जडला?

मोजणी मला शिकवू नका. टॅग कमी आहेत, कबूल. प्रश्न ते कुणाला मिळतात हा आहे. मूसला आधी ड्रॉत नंबर न लागलेल्या वर्षांचे तीन पॉइंट साठवा, मग पुढचे वजनी पॉइंट, आणि तेही हमी देत नाहीत, नुसती शक्यता वाढवतात. माझ्या मागून आलेला पोरगा माझ्या आधी टॅग घेऊन जातो. इकडे मोठ्या जमीनमालकांना व्हाउचर, म्हणजे टॅग घ्यायचा हक्क देणारी चिठ्ठी, ती ते बाजारात विकतात. मूस आणि बिगहॉर्न रानमेंढ्यांचे काही टॅग तर चक्क लिलावात. बोली लावणाऱ्या धनदांडग्याला कुठे रांग आहे? यावर तुमच्या लेखात अवाक्षर नाही.

डेन्व्हरकर
लिलावाचे टॅग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तो पैसा त्याच जनावरांवर खर्च होतो. व्हाउचरबद्दल मात्र बोलायला जागा आहे, हे तुम्ही ओरडून सांगितलंत तरी मान्य.

सह्यभटकी
मूळ मुद्दाच कुणी बोलत नाही. इतकं देखणं जनावर समोर आल्यावर 'अरेरे, टॅग नाही' हे मनात येतंच कसं? कॅमेरा काढा की!

डेन्व्हरकर
ताई, कॅमेऱ्यावर कर नाही, बंदुकीवर आहे. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफल आणि काडतुसांवर 11 टक्के कर लागतो आणि तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. तुम्ही फोटो काढता त्या मूसचा खर्च आम्ही उचलतो. आणि एका एल्कवर आमचं वर्षभर भागतं. दुकानातल्या प्लास्टिकमधल्या कोंबडीला कधी 'देखणी' म्हणालात का?

सह्यभटकी
मी कोंबडी खात नाही. पुढे बोला.

एचवन_हरी
एक भाबडा प्रश्न. व्हिसावर असताना बंदूक ठेवता येते का? वकील घाबरवतो.

रानवाटा
एरवी बंदी. पण वैध हंटिंग लायसन्स असेल तर केंद्रीय कायद्यात अपवाद आहे. आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करा. आणि वकिलाचंच ऐका, माझं नको.

वावर_आन_वारा
मी दोघांचंबी वाचलं. तुमच्यापुढं मूस कवातरी एकदा येते, तं तुम्ही एवढं रडता. आमच्या वावरात डुकरं रोज रात्री येतात, कळपानं. रोही, म्हंजे नीलगाई, तं दिवसाढवळ्या तुरीत उभे राहतात. आमाले टॅग कोण देते? पऱ्हाट्यांभोवती बायकोच्या जुन्या साड्या बांधल्या, फटाके फोडले, मचानावर जागली केली. पंधरा दिवसाचा हरभरा एका रात्रीत उकरला. पंचनाम्याले माणूस आला तवा वावर नांगरून झालं होतं. तो म्हणे, नुकसान दाखवा!

डेन्व्हरकर
दादा, तुमच्याकडेही सोय आहे. वन्यजीव कायदा, कलम 11. उभ्या पिकाला धोका असेल तर रानडुक्कर, रोही मारायची लेखी परवानगी मिळते. अर्ज करायचा.

वावर_आन_वारा
अर्ज करायचा!! साहेब, डुक्कर काय अर्जाचा नंबर लागेपर्यंत बांधावर बसून राहते? आन परवानगी भेटली तरी मारू कायनं, इळ्यानं? बंदुकीचं लायसन कोणापाशी हाय? तुमी तिकडून एसीत बसून कलमं शिकवू नका.

सावंतवाडीचो
बंदूक असून तरी काय? आमच्या घरात आजोबांच्या वेळची ठासणीची आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा. तेव्हाच नेमकी डुकरं नाचणीत. आणि गवा आला तर बंदुकीकडे बघायचंसुद्धा नाही, तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, सगळ्यांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीतला. माडाच्या रोपांचा चुराडा झालेला बघायचा आणि चहा प्यायचा.

पेंचकाठची
दोघांच्या नुकसानीबद्दल वाईट वाटतं, पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी. 'रोज येतात, मारू द्या' म्हणून सुरू होतं आणि तारेत करंट सोडण्यावर संपतं. त्या तारेला डुक्कर लागतं, तसा वाघही लागतो, शेजारचा शेतकरीही लागतो. आमच्या गावात पहाटे मोटर सुरू करायला गेलेला माणूस असाच गेला. त्याच्या घरी जाऊन सांगा टॅगचं.

वावर_आन_वारा
करंट म्या सोडला का? सोडणाऱ्याले फाशी द्या. मी कायद्यानं मारू द्या म्हणतो, तं तुमी मले खुनी ठरवता.

पेंचकाठची
तुम्हाला नाही म्हटलं. पण बिहारात रोही उपद्रवी, म्हणजे मारायला मोकळे, घोषित झाल्यावर 2016 मध्ये बाहेरून नेमबाज आणून शेकड्यांनी मारले. त्यावरून केंद्रातले दोन मंत्री उघड भांडले होते. मोजणी कुणी केली होती?

रानवाटा
म्हणजे ताई, तुम्हाला मोजून मारलेलं चालेल. यालाच आम्ही टॅग म्हणतो.

पेंचकाठची
चालेल असं म्हटलेलं नाही. न मोजता चालणार नाही, असं म्हटलं.

सावंतवाडीचो
केरळने 2022 मध्ये रानडुकरांबाबतचे अधिकार पंचायतीच्या अध्यक्षांना दिले. परवानाधारक नेमबाज बोलवायचा, मारायचं आणि पुरायचं. खायचं नाही! आपल्याकडेही कलम 11 खाली मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता. पीक माझं, काडतूस माझं, मेल्यावर डुक्कर सरकारचं. अमेरिकेत निदान मटण तरी घरी नेता येतं.

डेन्व्हरकर
नेता येतं म्हणजे न्यावंच लागतं. खाण्याजोगं मांस रानात टाकून आलात तर त्यालाही दंड.

वावर_आन_वारा
लय चांगलं सरकार हाय तुमचं. मंग त्या रानवाटा भाऊले काहून राग आला?

रानवाटा
दादा, तुमच्यापुढे माझी तक्रार फिकी पडली, हे मानतो. डेन्व्हरकरांपुढे मानत नाही. व्हाउचरवाल्यांचा हिशोब बाकी आहे.

डेन्व्हरकर
व्हाउचरचा वेगळा धागा काढा, तिथे भांडू. एप्रिलच्या मुदतीआधी अर्ज भरा म्हणजे झालं. मीही मूसलाच भरतोय.

रानवाटा
वा! म्हणजे रांगेत आणखी एक.