गुडघ्याला प्लेट, सहा आठवडे पाय टेकवायचा नाही : धाब्याच्या घरात सोय कशी लावायची?

केळीपट्टा_रावेर

नमस्कार मंडळी. माझ्या मिस्टरांची (वय 46) मोटारसायकल बागेजवळच्या चारीत घसरली. डाव्या नडगीचं हाड वरच्या टोकाला, गुडघ्याच्या सांध्यातच मोडलं. ऑपरेशन करून प्लेट आणि स्क्रू टाकलेत, टाके अजून निघायचे आहेत. बिजागरीचा लांब ब्रेस (पायाला बांधायचा आधारपट्टा) आणि वॉकर दिलाय. सहा आठवडे डावा पाय टेकवायचा नाही, पण गुडघा वाकवायचे व्यायाम करायचे, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

घर जुनं, धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं). उंबरठा पाच इंच. संडास अंगणाच्या टोकाला, खाली बसायचा, वर दोन पायऱ्या. झोपायला नवारीची बाज. ऊन तर आपल्याकडचं तुम्हाला माहीतच आहे. घरात सासूबाई, शाळेत जाणारा मुलगा आणि मी. मिस्टरांचं वजन 78 किलो, माझं 50. उठवताना माझी कंबर धरते. पाणी कमी पितात, तीन दिवस पोट साफ नाही. तंबाखूची सवय आहे. सासूबाई म्हणतात, तेलाने चोळलं की हाड लवकर धरतं. रोजचं कसं बसवू ते नेमकं सांगा.

फिजिओ_भुसावळ

ताई, पहिलं काम म्हणजे ती बाज हलवा. नवार मध्ये खोल जाते, कंबर गुडघ्यांच्या खाली राहते, आणि तिथून उठताना माणूस नकळत दोन्ही पायांवर जोर देतोच. तुमच्या कमरेवर भार येतोय तोही त्यामुळेच. लाकडी पलंग किंवा तखत घ्या, वर घट्ट गादी. बसल्यावर उजवा तळवा जमिनीला पूर्ण टेकला पाहिजे आणि कंबर गुडघ्यापेक्षा किंचित वर हवी. मध्यम उंचीच्या माणसाला गादीसकट 18 ते 20 इंच बरोबर पडतात. उंची कमी पडली तर पायांखाली विटा लावू नका, त्या सरकतात आणि फुटतात. सुताराकडून मध्ये खाच असलेले लाकडी ठोकळे करून घ्या, म्हणजे पलंगाचा पाय खाचेत बसतो.

उठवायचं म्हणजे उचलायचं नाही. त्यांना पलंगाच्या कडेपर्यंत सरकू द्या. डावा पाय पुढे लांब, उजवा पाय मागे ओढून गुडघ्याच्या खाली. दोन्ही हात गादीच्या कडेवर. छाती पुढे झुकवून हातांनी आणि उजव्या पायाने जोर द्यायचा, उभं राहिलं की एक हात वॉकरवर, मग दुसरा. वॉकर धरून स्वतःला ओढलं तर तो अंगावर उलटतो. तुम्ही त्यांच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. त्यांच्या कमरेला तीन-चार इंच रुंदीचा मजबूत कापडी पट्टा बांधा आणि तो मागून धरा. काखेत हात घालून ओढू नका, त्यांचा खांदा आणि तुमची कंबर दोन्ही जातील. तोल गेलाच तर अडवायचा हट्ट नको. पट्टा धरून तुमच्या मांडीच्या आधाराने हळूच खाली बसवा आणि दोन माणसं येईपर्यंत बसू द्या.

वॉकरची उंची तपासा. सरळ उभं राहून हात खाली सोडले की वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी, धरल्यावर कोपर थोडंसं वाकलेलं राहतं. चारही पायांची बटणं एकाच नंबरच्या भोकात आहेत ना, एवढं बघा. एक भोक चुकलं की वॉकर डुगडुगतो. खालची रबरी टोपी झिजून धातू दिसायला लागला की लगेच बदला. चालताना वॉकर हातभर पुढे ठेवायचा, चारही पाय टेकले की हातांवर भार घेऊन उजव्या पायाने आत यायचं. पुढच्या दांडीला पोट लागेपर्यंत आत गेलं तर माणूस मागे पडतो.

पाच इंचांचा उंबरठा चढायचा तो उलटा. उंबरठ्याकडे पाठ करून अगदी जवळ यायचं, वॉकर समोर, हातांवर भार देऊन उजवा पाय मागे वर ठेवायचा, मग वॉकर वर ओढायचा. उतरताना तोंड पुढे, आधी वॉकर खाली, मग उजवा पाय. पहिल्यांदा हे तुमच्याजवळच्या फिजिओसमोरच करून घ्या. संडासाच्या दोन पायऱ्यांचा विचार सध्या करूच नका.

व्यायाम डॉक्टरांनी दिलेले तेवढेच, पण रोज. पाय सरळ ठेवून गुडघा गादीत दाबायचा, 5 मोजायचं, सोडायचं, असं 10 वेळा. टाच गादीवर सरकवत गुडघा वाकवायचा, 10 वेळा. टाच अडखळते म्हणून खाली गुळगुळीत पत्रा किंवा प्लॅस्टिकची पिशवी ठेवा. हे दिवसातून तीनदा. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी येईल असं वेळापत्रक डॉक्टरांना विचारून लावा. घोटा वर-खाली करणं तर जागेपणी दर तासाला 10 ते 20 वेळा, दोन्ही पायांनी. पोटरीतलं रक्त फिरतं ठेवायला यासारखं दुसरं काही नाही.

आणि एक. गुडघ्याखाली उशी घालून ठेवू नका. बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडतो आणि मग सरळ करायला महिने जातात. उशा पोटरीखाली लांबीने लावा, टाच हवेत मोकळी राहील अशा.

सिस्टर_धुळे

पोटाचं आधी बोलू, कारण सगळं एकमेकांत अडकलंय. लघवीला उठायचा त्रास होतो म्हणून माणूस पाणी कमी पितो. पाणी कमी, हालचाल कमी, वर ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची गोळी असेल तर आतडं आणखी सुस्त. त्यामुळे नुसतं “पाणी प्या” म्हणून भागत नाही. मेडिकलमधून प्लॅस्टिकचं युरिनल (लघवीचं भांडं) आणा आणि ते उजव्या हाताला, त्यांना न मागता घेता येईल असं ठेवा. प्रत्येक वेळी धुवा, दिवसातून एकदा साबणाने, उन्हात वाळवा. मग ते आपोआप पाणी पितील. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर या उन्हात अडीच-तीन लिटर लागतंच. लघवी गडद पिवळी दिसली की कमी पडतंय. रात्री ईसबगोल दोन चमचे, पूर्ण ग्लासभर पाण्यात, लगेच प्यायचं. पाणी कमी पिणाऱ्याला ईसबगोल दिलं तर उलट आत गोळा होऊन बसतं. तीन दिवस झालेत तर डॉक्टरांना फोन करून जुलाबाचं सौम्य औषध मागून घ्या. पोट फुगलंय, उलटी होतेय, वारासुद्धा सरत नाही, असं असेल तर घरी थांबू नका.

गोळ्यांची चिठ्ठी पलंगाजवळ भिंतीला लावा आणि नाव वाचून द्या. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत तेच पॅरासिटामॉल असतं आणि डोस नकळत दुप्पट होतो. ‘ड’ जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी दिली असेल तर ती बहुतेक आठवड्यातून एकदाची असते. रोज देणं धोक्याचं आहे, चिठ्ठी पुन्हा बघा. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एका वेळी देऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर वरून मनाने दुखण्याची गोळी नको. काळी शी किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं तर कळवा.

आता मालिश. सासूबाईंचा जीव तुटतोय, त्यांना रागावू नका. पण या पायाला तेल-चोळणं अजिबात नाही. कारण त्यांना समजेल असं सांगा: पोटरीत रक्ताची गुठळी झालेली असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. टाक्यांवर हळद, लेप, राख काहीही नको, पट्टी कोरडी ठेवायची. त्यांना हात लावायचाच असेल तर उजव्या पायाला आणि पाठीला लावू दे.

पोटरी एका बाजूने घट्ट सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर त्याच दिवशी दाखवा. अचानक दम लागला, छातीत दुखलं तर 108 ला फोन करा, गावातल्या गाडीची वाट बघत बसू नका. पायाची बोटं थंड-पांढरी पडली, बधिर झाली, गोळी देऊनही दुखणं वाढतच राहिलं, तर रात्र असली तरी निघा. जखमेतून पू, लाली पसरणं किंवा 100.4 च्या वर ताप, हेही तसंच.

तंबाखूबद्दल स्पष्ट बोलते. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, हाड धरायला उशीर होतो, जखमही रेंगाळते. बिडी असो की मळलेली, फरक नाही. बडीशेप, लवंग, भाजलेली जवस पलंगाजवळ ठेवा आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडे त्यांच्यासमोरच विषय काढा. घरच्यांनी सांगितलेलं ऐकत नाहीत, प्लेट टाकणाऱ्यानं सांगितलेलं बरेच जण ऐकतात.

तापीकाठ

घराची व्यवस्था सांगतो. घडीची कमोड खुर्ची घ्या. दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे हवेत आणि खाली काढता येणारी बादली. सहा आठवड्यांसाठी भाड्यानेही मिळते, रावेर-भुसावळला सर्जिकल सामानाच्या दुकानात विचारा. पलंगाच्या उजव्या अंगाला, म्हणजे धड पायाकडे लावा. बादलीत आधी दोन तांबे पाणी घालून ठेवलं की चिकटत नाही आणि वासही कमी येतो. मध्ये साडीचा पडदा टांगा. लाज वाटते म्हणूनही माणूस शौच दाबून धरतो, हे लक्षात असू द्या.

अंघोळ टाके निघेपर्यंत ओल्या फडक्याने पुसून. नंतर डॉक्टर हो म्हणाले की मोरीत हातांची प्लॅस्टिकची जड खुर्ची, पाय ठेवायला समोर स्टूल, आणि बादली दुसऱ्या स्टुलावर, म्हणजे ती भरून घेताना तुम्ही वाकत नाही. मोरीची फरशी आधी ब्रशने घासून शेवाळ काढा.

कूलर खिडकीबाहेर लावा आणि वायर भिंतीवरून घ्या. खाली सांडलेलं पाणी वॉकरच्या रबराला घसरवतं. गोधडीचं टोक, पायपुसणं, चटई, वाटेतलं सगळं उचला. जमीन सारवलेली असेल तर ओली असताना चालू देऊ नका. अंगणात मातीत वॉकर रुततो, दोन-तीन शहाबादी फरश्या टाकून ठेवा. लोडशेडिंगसाठी चार्जिंगचा बल्ब पलंगाजवळ. धाब्यावर झोपायचा आग्रह धरतील, पण यंदाचा उन्हाळा खालीच.

ब्रेसखाली घामोळं येतं. डॉक्टरांनी काढायला परवानगी दिली असेल तरच पाय सरळ ठेवून काढा, त्वचा पुसा, कोरडी करा, सुती मोजा घालून पुन्हा बांधा. पावडर नको, घामात तिचे गोळे होतात. बिजागरी बरोबर गुडघ्याच्या सांध्यासमोर हवी. चालून चालून ब्रेस खाली घसरतो, बिजागरी पोटरीवर येते आणि मग गुडघा वाकवताना पट्टा मांसात रुततो. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकंच घट्ट.

जेवण पलंगावर बसून, पाय वर. मांडी घालून ताटावर बसणं बंद. त्यांच्या वजनाला दिवसाला 80-90 ग्रॅम प्रथिनं लागतील. एका अंड्यात 6, पाव लिटर दुधात 8, मूठभर शेंगदाण्यात 7-8, अर्धी वाटी कोरड्या डाळीत साधारण 12 असा हिशेब धरा. आपली कळण्याची भाकरी इथे फार कामाची, ज्वारीत अख्खे उडीद असतात. जोडीला तिळाची चटणी, ताक, रोज दोन पिकली केळी. काळ्या मसाल्याची झणझणीत शेवभाजी दुखण्याच्या गोळ्यांबरोबर पोटात आग पाडते, काही आठवडे तर्री कमी करा. बकऱ्याच्या पायाचं सूप द्यायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर अंडी-डाळ सोडू नका.

भेटायला येणाऱ्यांना संध्याकाळची एकच वेळ सांगा, आणि त्यांना खुर्ची द्या. पलंगावर कोणी बसलं की गादी दबते आणि पाय हलतो.

केळीपट्टा_रावेर

खूप आधार वाटला. तखत आणायला माणूस पाठवला. दोन गोष्टी राहिल्या. पाय पलंगाखाली सोडला की जांभळट होतो, ते घाबरतात आणि लगेच वर घेतात. आणि टाके काढायला जळगावला न्यायचंय, काळी-पिवळी जीपने जमेल का?

फिजिओ_भुसावळ

जांभळेपण या टप्प्यात बहुतेकांना येतं. पोटरीचे स्नायू काम करत नाहीत म्हणून पाय खाली सोडला की रक्त साचतं. वर घेतल्यावर पाच-दहा मिनिटांत रंग परत आला आणि बोटं गरम असली तर काळजी नाही. खाली सोडण्याची वेळ 5 मिनिटांपासून सुरू करून हळूहळू वाढवा, सोडलेला असताना घोटा हलवत राहू दे. रंग परत येत नसेल किंवा सूज सकाळीही उतरलेली नसेल तर दाखवा.

काळी-पिवळी नको. पायरी उंच, आत पाय लांब करायला जागा नाही आणि गर्दीत धक्का लागतो. चारचाकी ठरवा, पुढची डावी सीट पूर्ण मागे सरकवून पाठ थोडी पाडा. सीटवर प्लॅस्टिकची मोठी पिशवी पसरा. वॉकरवरून पाठ गाडीकडे करून आधी बूड टेकवायचं, डोकं सांभाळायचं, मग पिशवीवरून अंग फिरवत पाय आत. डाव्या टाचेला तुम्ही खालून आधार द्या. बसल्यावर पिशवी काढून घ्या, नाहीतर ब्रेक लागला की माणूस पुढे घसरतो. सीटबेल्ट लावा. सकाळी लवकर निघा, युरिनल आणि पाणी सोबत, तासाभराने गाडी थांबवून घोट्याचे व्यायाम. एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी एका पिशवीत घ्या, आणि दवाखान्यातून निघण्याआधी “पाय किती टेकवायचा, केव्हापासून, गुडघा किती अंशापर्यंत वाकवायचा” हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.